नक्कल ठेवून अस्सल परत द्यावे

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी साडेसातला तात्यांचा फोन आला. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. सणसवाडीत त्यांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. गाड्यांच्या सीटखाली लागणारे ब्रॅकेट आणि तसलाच बारीकसारीक माल ते बनवतात. अठरा माणसं, दोन प्रेस, चार वेल्डिंग मशिनं आणि ऑफिसात एक कॉम्प्युटर.

"आरं, ते ड्राइव्हवरचं सगळं गेलंय," तात्या म्हणाले. "तूच बसवून दिलं हुतंस ना?"

मीच दिलं होतं. २०२१ साली मी वढूला घरी बसून काम करत होतो. तेव्हा एका दुपारी वर्कशॉपमध्ये जाऊन कॉम्प्युटरवरचं 'कंपनी' नावाचं फोल्डर क्लाउडला जोडून दिलं. खातं कुणाचं? तेव्हा हिशेब बघायला एक मुलगा होता, त्याचं. त्याचा ईमेल तिथल्या तिथे उघडा होता, फुकटची जागा मिळत होती, काम वीस मिनिटांत झालं. तात्यांनी चहा पाजला आणि शेजाऱ्याला सांगितलं, आमचं सगळं आता ढगात असतं.

तो मुलगा दोन वर्षांनी दुसरीकडे लागला. भांडण नाही, काही नाही. पुढे त्याला मुलगी झाली, बारशाचे व्हिडिओ ठेवायला त्याच्या खात्यात जागा उरली नाही, म्हणून त्याने जुनं जड फोल्डर उडवलं. फोल्डर सिंकमध्ये होतं, त्यामुळे वर्कशॉपच्या कॉम्प्युटरवरूनही ते गेलं. कचरापेटीत महिनाभर पडून होतं, पण तेवढ्या दिवसांत कुणी बघितलंच नाही. बघितलं कधी, तर ज्यांना माल जातो त्या कंपनीने दोन वर्षांपूर्वीच्या तीन लॉटचे तपासणी अहवाल मागितले तेव्हा. एका ब्रॅकेटच्या वेल्डिंगला तडा गेल्याची तक्रार होती. अहवाल दाखवा, नाहीतर चार लाखांची डेबिट नोट.

मी खराडीत नोकरी करतो. माझं काम काय, तर दुसऱ्यांच्या कंपन्यांचा डेटा त्यांच्या जुन्या सर्व्हरवरून क्लाउडवर नेणं. घरच्या धंद्याचा डेटा मी एका परक्या पोराच्या खाजगी ईमेलवर ठेवून आलो होतो.

त्या आठवड्यात तात्यांसाठी कुठली सेवा घ्यायची याची मी रीतसर तुलना करायला बसलो. एक्सेलमध्ये रकाने पाडले: महिन्याचा दर, माणशी जागा, जुन्या आवृत्त्या किती दिवस राहतात, मोबाईलवर चालतं का, टॅलीचा बॅकअप आपोआप जातो का. रकाने भरत गेले आणि मला कंटाळा येत गेला, कारण सगळ्या सेवा जवळजवळ सारख्याच निघाल्या. तात्यांचं जे बुडालं होतं ते यातल्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. जागा पुरेशी होती, वेगही बरा होता. अस्सल प्रत कुणाच्या हातात आहे, हे विचारायचं राहिलं होतं.

'अस्सल' हा शब्द मला इंजिनिअरिंगच्या पुस्तकात भेटलेला नाही. तो मोडी कागदांमधला आहे. कॉलेजात असताना बंडगार्डन रस्त्यावरून जाताना पुराभिलेखागाराची दगडी इमारत दिसायची. पुण्यात तिला अजून 'पेशवे दफ्तर' म्हणतात. आत कधी गेलो नव्हतो. पुढे घरच्या जमिनीचा एक जुना मोडी कागद वाचून घ्यायची वेळ आली, त्या निमित्ताने मोडीचा वर्ग केला आणि मग या दफ्तराचं वेड लागलं. तीस हजारांहून जास्त रुमाल आहेत तिथे. रुमाल म्हणजे हात पुसायचा नव्हे. कागदांच्या चळतीवर चौकोनी कापड गुंडाळून चारी टोकांना गाठ मारतात, तो रुमाल. आपल्या भाषेत सांगायचं तर फोल्डर. त्यातले कागद कोटींच्या घरात आहेत. धंद्याचा आणि राज्याचा डेटा एका जागी ठेवला की त्याचं काय काय होतं, हे बघायला आपल्याकडे याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

पेशवाईत या यंत्रणेला हुजूर दफ्तर म्हणत. भरात होतं तेव्हा दोनशेच्या आसपास कारकून तिथे राबत असत. त्याचे दोन मोठे भाग होते. एक चालतं दफ्तर, म्हणजे रोजचं काम: सनदा काढायच्या, हुकूम लिहायचे, सरंजामाचे आणि महालांचे हिशेब ठेवायचे. दुसरं एकबेरीज दफ्तर. ते कायम पुण्यातच असे. सगळीकडून आलेले हिशेब तिथे जमा होत आणि त्यांचे गोषवारे निघत: कुठल्या सदराखाली किती आलं, किती गेलं, शिल्लक काय. आज कंपनीत एक चालू डेटाबेस असतो आणि दुसरीकडे अहवाल काढण्यासाठी वेगळी साठवण असते. ही विभागणी नवी आहे अशी माझी समजूत होती. फडणीस मंडळी हेच काम बोरूने करत होती.

त्यांचं लॉग ठेवणंही मला फार आवडतं. जुन्या पत्रांच्या कडेला 'रुजू', 'बार' अशी बारीक शेरेवजा अक्षरं दिसतात. रुजू म्हणजे ताडून पाहिलं. बार म्हणजे दफ्तरी नोंद झाली. शेवटी 'मोर्तब', म्हणजे इथे मजकूर संपला, याखाली कुणी ओळ घुसडली तर ती खोटी. मी मोडी शिकत होतो तेव्हा ही चिन्हं ओळखू यायला लागली आणि मला ऑफिसातल्यासारखं वाटायला लागलं.

पण मला खरा धक्का दिला तो इनामपत्रांच्या शेवटाने. समजा, एखाद्याला सरकारने जमीन इनाम दिली. सनद त्याच्या हाती येते. शिवाय वेगळी पत्रं जातात: गावच्या मोकदमाला, परगण्याच्या देशमुख-देशपांड्यांना, तिथल्या कमाविसदाराला. दफ्तरात नोंद राहते ती वेगळीच. म्हणजे एकच गोष्ट चार-पाच ठिकाणी लिहिली गेली. आणि या पत्रांच्या शेवटी ठरावीक साच्यातली एक सूचना येते. तिचा अर्थ असा: दरसाल नव्या पत्राची अट घालू नये, या पत्राची नक्कल लिहून घेऊन हे अस्सल पत्र भोगवट्यासाठी ज्याचं त्याला परत द्यावं. नकलेला 'तालीक' म्हणत.

ही सूचना मी पहिल्यांदा समजून वाचली तेव्हा थांबलो. कमाविसदाराने कागद बघायचा, आपल्या दफ्तरासाठी उतरवून घ्यायचा आणि अस्सल परत करायचा. सरकारकडे नक्कल, ज्याचा हक्क त्याच्याकडे अस्सल. अधिकारी बदलला की इनामदार आपला कागद घेऊन पुन्हा त्याच्यासमोर उभा राहणार, तोही नक्कल घेऊन परत देणार. आपण आज नेमकं उलटं करतो. अस्सल फाईल कंपनीच्या सर्व्हरवर जाते, आपल्या लॅपटॉपवर राहतो तो नुसता चिन्हाचा ठिपका. जागा वाचावी म्हणून आपणच 'फक्त ऑनलाइन ठेवा' हे बटण दाबलेलं असतं.

याला एक उलटी बाजूही आहे. अस्सल कागद घरात असला की त्यात फेरफार करायचा मोह होतो. बनावट सनदा आणि खोटे शिक्के हा त्या काळचा मोठा उद्योग होता. घरची सनद खोटी असेल तर ती पकडायला दफ्तरातली नोंदच उपयोगी पडे. दोन्हीकडे कागद होता आणि दोन्ही एकमेकांवर लक्ष ठेवून होते, म्हणून ती व्यवस्था चालली.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात दफ्तराची आबाळ झाली. कारकून कमी केले, लोक कागद घरी नेऊ लागले, गठ्ठ्यांत गोंधळ माजला. कुठल्याही कंपनीत खर्च कमी करायचा म्हटलं की पहिली कुऱ्हाड अशाच माणसांवर पडते, हे मी स्वतः दोनदा पाहिलं आहे.

मग १८१७ चा नोव्हेंबर आला. ५ तारखेला खडकीची लढाई झाली, १७ तारखेला पुणे इंग्रजांच्या ताब्यात गेलं. १ जानेवारी १८१८ ची लढाई आमच्या गावाशेजारी कोरेगावला झाली. तिच्याबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत, मी इथे त्यात शिरत नाही. जूनमध्ये बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. या सगळ्या धावपळीत दफ्तर होतं तिथेच राहिलं. राजा पळू शकतो, हजारो गठ्ठे पळू शकत नाहीत. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन दख्खनचा कमिशनर झाला आणि दफ्तर मॅक्लाउड नावाच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली आलं. एल्फिन्स्टन हुशार माणूस. तोफा आणि खजिना यांच्याइतकंच दफ्तर मोलाचं आहे, हे त्याला कळत होतं. कुठल्या गावाचा वसूल किती, कुणाला काय माफ, हे सगळं त्यात आयतं लिहिलेलं होतं.

कागद तेच, रुमाल तेच, गाठीसुद्धा त्याच. मालक तेवढा बदलला. याचा अर्थ लोकांना कळायला पंचवीस वर्षं लागली.

१८४३ पासून दक्षिण मराठा मुलखात इनामांची चौकशी सुरू झाली आणि १८५२ च्या ११ व्या कायद्याने इनाम कमिशनला जोर आला. इनाम खरं आहे हे सिद्ध करायचं ओझं इनामदारावर टाकलं गेलं. पुरावा कशाशी ताडायचा? पेशव्यांच्या दफ्तराशी. म्हणजे आजोबांनी ज्या सरकारवर विश्वास ठेवून नोंद करवून घेतली होती, त्याच सरकारचे कागद नातवाच्या विरोधात साक्षीला उभे राहिले. घरची सनद वाळवीने खाल्ली असेल, भावकीच्या भांडणात हरवली असेल, पुरात वाहून गेली असेल, तर संपलं. इतिहासाच्या पुस्तकांत सुमारे २० हजार इनामं जप्त झाल्याचा आकडा सापडतो. १८५७ च्या असंतोषाच्या कारणांमध्ये इनाम कमिशनचं नाव येतं ते यामुळे.

यातली काही इनामं खोटी होती, हेही खरं. पण न्याय करणारा, कागद सांभाळणारा आणि जमीन परत मिळाली तर फायदा होणारा, हे तिन्ही एकच होते. दफ्तराला इंग्रजांनी दिलेलं नावच बघा: एलिएनेशन ऑफिस. सरकारी सारा माफ असलेल्या जमिनींना त्यांच्या भाषेत तसं म्हणत. शंभर वर्षांच्या राज्याचा कारभार, पानिपतावरून आलेली पत्रं, मुदपाकखान्याचा खर्च, हत्तींची वैरण, दक्षिणा, दंड, हे सगळं ज्यात आहे त्या साठ्याला त्यांनी एका महसुली कामाचं नाव दिलं. त्यांना त्याचा उपयोग तेवढाच होता.

इमारत मात्र झकास बांधली. १८९० च्या सुमाराची ती दगडी वास्तू अजून उभी आहे आणि कागद अजून वाचता येतात. इंग्रजांनी कागद सांभाळले नाहीत असं कुणी म्हणू शकत नाही. फार चांगले सांभाळले. फक्त ज्यांचे होते त्यांना आत सोडलं नाही. इनाम आणि वतनांचे वाद सरकारच्या अंगाशी येतील, अशी भीती शेवटपर्यंत होती. रावबहादूर गणेश चिमणाजी वाड यांना पेशव्यांच्या रोजनिशीतले उतारे करायला परवानगी मिळाली. न्यायमूर्ती रानड्यांनी त्यावर १९०० साली प्रस्तावनावजा निबंध लिहिला. पण सामान्य अभ्यासकाला दार बंदच होतं. ते खऱ्या अर्थाने उघडलं १९२९-३० च्या सुमारास. गो. स. सरदेसाई, त्यांच्या पाठीशी जदुनाथ सरकार आणि हाताखाली मोडी वाचणारी माणसं. १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड बाहेर आले. ताबा बदलल्यापासून मोजलं तर एकशेदहा वर्षांनी.

आमच्या क्षेत्रात याला नाव आहे. डेटा सुरक्षित आहे, एक बाइटही हरवलेला नाही, पण तुमच्या खात्याला परवानगी नाही.

दार बंद होतं त्या काळात मराठ्यांचा इतिहास लिहिला गेलाच नाही का? गेला, आणि तो कसा, हे मला या सगळ्यात सगळ्यात थोर वाटतं. मिरजेला वासुदेवशास्त्री खरे शाळेत शिकवत होते. त्यांनी पटवर्धन सरदारांच्या घरचे कागद वाचले आणि १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' छापायला सुरुवात केली. १८९८ साली विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला. पुढे वीसच्या वर खंड निघाले. राजवाडे गावोगाव हिंडले. कुलकर्ण्याच्या माडीवर, देशपांड्याच्या बळदात, मठाच्या कोठीत जिथे रुमाल असेल तिथे बसले. कुणी दारातून परत पाठवलं, कुणी त्यांच्या डोळ्यांदेखत कागद रद्दीत घातले. १९१० साली त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं, त्यामागे हीच भटकंती होती.

म्हणजे अस्सल परत देण्याची ती रीत दीडशे वर्षांनी कामाला आली. केंद्रातला साठा कुलपात, आणि घराघरांत वाटलेल्या प्रतींमधून इतिहास पुन्हा जुळवला जात होता.

शिवकाळाच्या बाबतीत तर दुसरा पर्यायच नव्हता. ११ मार्च १६८९ ला संभाजी महाराजांची हत्या झाली. समाधी आमच्या वढूत आहे, लहानपणापासून आमची शाळेची सहल म्हणजे तिथे आणि तुळापूरच्या संगमावर चालत जाणं. त्याच वर्षी पुढे रायगड पडला आणि तिथलं दफ्तर टिकलं नाही. राजधानी एक, साठा एक, तो गेला. आज शिवकाळाचे जे मराठी कागद आपण बघतो ते बहुतेक देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, देवस्थानं यांच्या घरांतून आलेले आहेत. जेधे शकावली घ्या. भोरजवळच्या कारीच्या जेधे देशमुखांनी घरात जपलेली घटनांची ही टिपणवही. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ साली प्रसिद्ध केली. शिवाजी महाराजांच्या जन्माची फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख तिच्यात आहे. ज्याने राज्य स्थापलं त्याची जन्मतारीख राज्याच्या दफ्तरात नाही, एका देशमुखाच्या घरच्या वहीत सापडली.

शाळेत आम्हाला ही तारीख पाठ करायला लावली होती. ती कुठून आली हे कुणी सांगितलं नाही. असो.

आता क्लाउडकडे येतो. मोठ्या कंपन्यांकडे ठेवलेला डेटा जळत नाही, असा एक समज आहे. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच या कंपनीचं डेटा सेंटर जळालं. पाच मजली इमारत खाक झाली. आपण पैसे भरून घेतलेला बॅकअपसुद्धा त्याच आवारात होता, हे काही ग्राहकांना तेव्हा कळलं. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात डेजॉन इथल्या सरकारी डेटा केंद्राला आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाईली ठेवायचा ड्राइव्ह गेला. साडेआठशेहून जास्त टेराबाइट, आणि साठा फार मोठा म्हणून त्याची दुसरी प्रतच नव्हती. रायगडाचं दफ्तर जायला वेढा पडावा लागला होता.

उलट उदाहरणही आहे. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाची गूगल क्लाउडवरची सगळी व्यवस्था एका चुकीच्या सेटिंगमुळे पुसली गेली. दोन वेगवेगळ्या ठिकाणी प्रती होत्या, दोन्ही गेल्या, कारण दोन्ही एकाच खात्याखाली होत्या. फंड वाचला तो दुसऱ्याच कंपनीकडे ठेवलेल्या बॅकअपमुळे. पाच लाखांहून जास्त लोकांच्या निवृत्तीचे पैसे त्यात होते.

आग आणि चूक परवडली. इनाम कमिशनची आठवण मला करून दिली ती जुलै २०२५ च्या एका बातमीने. मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जीमध्ये रशियाच्या रोझनेफ्टचा मोठा हिस्सा आहे. युरोपीय संघाने निर्बंध लावले आणि काही दिवसांत मायक्रोसॉफ्टने नायराची सेवा थांबवली. कर्मचाऱ्यांना स्वतःचे ईमेल उघडेनात. भारतातली कंपनी, भारतातलं काम, पैसे भरलेले, आणि बाहेरच्या एका निर्णयाने दार बंद. नायराला दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. थोड्या दिवसांत सेवा पूर्ववत झाली. निर्बंध बरोबर की चूक, हा वेगळा वाद. मला त्यात मॅक्लाउडच्या ताब्यातलं दफ्तर दिसलं. कागद तसेच, कुलपाचा मालक वेगळा.

गंमत बघा, मायक्रोसॉफ्टचा 'सेंट्रल इंडिया' नावाचा क्लाउड विभाग २०१५ पासून पुण्यातच आहे. अमेझॉनचा विभाग २०१६ पासून मुंबईत आहे. म्हणजे पुन्हा एकदा मुलखाचे हिशेब पुण्यात जमा होतायत. कायद्यानेही तेच सांगितलं आहे: कंपनीची हिशेबाची पुस्तकं संगणकावर असतील तर त्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर हवा, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर तो रोजच्या रोज हवा. हे चांगलंच आहे. पण डेटा पुण्यात असणं आणि डेटा आपल्या ताब्यात असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. १८१८ नंतरही दफ्तर पुण्यातच होतं.

तात्यांकडे परत जायच्या आधी एक गोष्ट राहिली. कागद हातात असूनही वाचता येत नसेल तर? मोडी व्यवहारातून जाऊन सत्तर-पंच्याहत्तर वर्षं झाली. २०२३ मध्ये सरकारने न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली आणि जुन्या नोंदींमध्ये 'कुणबी' शब्द शोधायचं काम गावोगाव सुरू झालं. तेव्हा मोडी वाचणाऱ्यांचे फोन एकदम वाजू लागले. माझ्यासारख्या अर्धवट शिकलेल्याकडेही लोक फोटो पाठवत होते. कागद सापडला, तो कोरडा आहे, शाबूत आहे, आणि घरात एकालाही वाचता येत नाही. तात्यांच्या ब्रॅकेटची ड्रॉइंगं ज्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत आहेत, तिचंही उद्या हेच होणार. म्हणून मी प्रत्येक ड्रॉइंगची पीडीएफसुद्धा काढून ठेवायला लावली. बाळबोधीत उतरवून ठेवल्यासारखी.

एप्रिलमध्ये मी सणसवाडीला दोन दिवस राहिलो. एक्सेलमधली माझी तुलना तात्यांना दाखवली. ते बराच वेळ चष्मा वरखाली करत बघत राहिले.

"यातलं सोस्त कंचं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "तात्या, दर सगळ्यांचे चार-दोन रुपये इकडेतिकडे. तुम्ही एवढंच सांगा, चावी कुणाकडं ठेवायची?"

"चावी माझ्याकडं. आन् एक तुझ्या चुलतीकडं."

त्यावरून बाकीचं ठरत गेलं. वर्कशॉपच्या नावाने स्वतःचं डोमेन घेतलं, म्हणजे खातं माणसाचं नाही, धंद्याचं. मुख्य ताबा तात्या आणि काकू या दोघांकडे. हिशेबनीस येईल-जाईल, त्याला फक्त कामापुरता प्रवेश. सेवा कुठली घेतली हे मुद्दाम सांगत नाही, कारण त्याने फार फरक पडत नाही. सगळा साठा एकदम बाहेर काढता येतो ना, आणि पुसलेल्या फाईली किती दिवसांनी कायमच्या जातात, हे दोन मुद्दे तेवढे खोदून पाहिले. मोठ्या तीन कंपन्यांनी २०२४ मध्ये कायमचं सोडून जाणाऱ्या ग्राहकाला डेटा बाहेर न्यायचं शुल्क माफ केलं. तोवर आत यायला फुकट आणि बाहेर जायला पैसे, असाच रिवाज होता. शिवाय टॅलीचा आणि अहवालांचा बॅकअप रोज रात्री दुसऱ्याच एका कंपनीकडे जातो. तो सिंक नाही, तिथली फाईल इथून पुसता येत नाही. जीएसटीचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावे लागतात, म्हणून मुदत आठ वर्षांची लावली. आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सगळ्याची एक प्रत हार्ड डिस्कवर, ती वढूच्या घरी.

काकूंनी पहिल्याच महिन्यात ती डिस्क जुन्या साडीच्या तुकड्यात बांधून, चारी टोकांना गाठ मारून आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवली. मी त्यांना रुमालाबद्दल काही सांगितलेलं नव्हतं. त्यांचं म्हणणं, धूळ बसू नये.

ते तीन लॉटचे अहवाल मात्र क्लाउडवरून परत मिळाले नाहीत. वर्कशॉपमध्ये तपासणी करणाऱ्या एक ताई आहेत, नऊ वर्षांपासून. कॉम्प्युटरवर भरायच्या आधी मापं त्या स्वतःच्या दोनशे पानी वहीत लिहितात. कुणी सांगितलं नव्हतं, सवय म्हणून. घरी कपाटात अशा अकरा वह्या निघाल्या. दोन लॉटची सगळी मापं तारखेसकट सापडली. पानांचे फोटो आणि ताईंची सही घेऊन पाठवली, ती कंपनीने मान्य केली. तिसऱ्या लॉटच्या आठवड्यात ताई रजेवर होत्या. त्या लॉटची डेबिट नोट आली, एक लाख तीस हजारांची. तात्यांनी ती भरली आणि ताईंना अजून डझनभर वह्या आणून दिल्या.